वास आला होता

पहिल्या शुक्रवारी बत्तीस मुलांपैकी एकोणीस मुलं ओकली.

सुरुवात खिडकीजवळच्या एका मुलीनं केली. तिनं बांगड्याचा तुकडा तोंडात घातला, दोनदा चावला, डोळे वटारले आणि पोटात होतं नव्हतं ते ताटातच परत केलं. ते पाहून शेजारचा, त्याला पाहून समोरचा. ओकारीचं जांभईसारखंच असतं. पाच मिनिटांत माळसोंड्याच्या शाळेच्या जेवणघरात असा आंबट वास कोंडला, की स्वयंपाकघरातून धावत आलेल्या चैतालीच्याही पोटात ढवळलं. माशाच्या वासानं नव्हे, तो तिला जन्मापासून ठाऊक होता. पण अर्धवट पचलेला भात, त्यावर तरंगणारा नारळाचा पिवळा रस आणि त्यात बोटं बुडवून रडणारी पोरं तिला बघवेनात.

तिनं नाकाला ओढणी बांधली, भुसा पसरला आणि पुसायला बसली. पुसता पुसता तिला दिसलं, की तिचीच मुलगी, नऊ वर्षांची जुई, आपल्या वाट्याचा तुकडा कंपासपेटीत लपवतेय.

"जुई!"

"मी नाही खाणार," जुई म्हणाली. "आजी म्हणते, त्याला मढ्याचा वास येतो."

चैताली मालवणची, गाबितांची. वडिलांची होडी होती, आई बंदरावर मासे विकायची. पुण्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकाचं काम करताना तिची शिवहारशी ओळख झाली आणि लग्न करून ती लातूरकडच्या माळसोंड्यात आली. सासर लिंगायत, शुद्ध शाकाहारी. शिवहार सौरपॅनेलच्या कामावर महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात राज्य सासूबाईंचं, महानंदाबाईंचं. या घरात मासा शिजणार नाही, ही अट चैतालीनं पहिल्याच दिवशी मान्य केली होती. तरी सासूबाई बारा वर्षं तिच्या हातचं पाणी पिताना पेल्याचा काठ पुसून घ्यायच्या. "हाताला वास येतंय गं तुझ्या," म्हणायच्या. मासा तर सोडाच, त्या हातांनी बारा वर्षांत अंडंही फोडलं नव्हतं.

म्हणून 'सागरथाळी' योजना निघाली आणि मासा रांधता येणारी बाई हवी असं शाळेनं कळवलं, तेव्हा चैतालीला वाटलं होतं, आता कुठे आपल्याला आपलं काम मिळालं.

योजनेमागचं कारण साधं होतं. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांत ओमेगा-थ्री नावाची स्निग्धाम्लं असतात. मेंदूतल्या पेशींची आवरणं घडवायला ती लागतात आणि शरीराला ती पुरेशी बनवता येत नाहीत, खाण्यातूनच घ्यावी लागतात. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबीही त्यांनी उतरते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून तीनदा, तीन महिने असा मासा दिला, तर चरबी खाली येते, चाचणीत लक्ष जास्त टिकतं, चुका कमी होतात, असं दिसलं होतं. फरक डोंगराएवढा नव्हता. पण होता. आणि २०४४ सालापर्यंत पुडीतल्या खाण्यानं अशी वेळ आणली होती, की माळसोंड्यातल्या नऊ वर्षांच्या मुलांचं रक्त तपासलं तर ते चाळिशीच्या माणसाचं वाटावं. म्हणून कोकणातल्या बंदरावरून शीतगाड्या निघाल्या आणि घाट चढून, चारशे किलोमीटर तोडून, समुद्र कधी न पाहिलेल्या पोरांच्या ताटात बांगडा येऊन पडला.

पोरांनी तो ओकून टाकला.

*

दोन आठवड्यांनी डॉ. अभिराम देऊस्कर आले. योजनेचं मूल्यमापन त्यांच्या संस्थेकडे होतं. मृदू बोलणारा, पांढऱ्या सदऱ्यातला, पंचेचाळिशीचा माणूस. त्यांनी टेबलावर अंगठ्याएवढी पांढरी कुपी ठेवली. "ही सहजा," ते म्हणाले. "नाकात एक फवारा, जेवणाआधी दहा मिनिटं."

"म्हणजे वास बंद होतो?" चैतालीनं विचारलं.

"नाही. वास येतो, चवही कळते. फक्त किळस येत नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूत खोलवर इन्सुला नावाची एक घडी असते. सडलेलं, कुजलेलं, घाण असं काही नाकाजिभेवर आलं की ती पेटते, आणि पोट उलटतं, तोंड वाकडं होतं, माणूस मागे सरतो. किळस ही शरीराची राखणदार. तिला ओळखीचं आणि अनोळखी एवढंच कळतं. म्हणून समुद्राकाठच्या पोराला जो वास घरचा वाटतो, तोच इथल्या पोराला सडका वाटतो. सहजातला रेणू नाकातून थेट त्या घडीपाशी पोहोचतो आणि सात-आठ तास तिला झोपवतो.

"राखणदाराला जेवणापुरती सुट्टी," देऊस्कर हसले. "तेवढ्यात मासा पोटात जातो. काही महिन्यांत सवय होते, मग फवाराही नको."

"साहेब, मुलांना मी चव लावते ना," चैताली म्हणाली. "आधी नुसता रस देईन. मग तळलेला कुरकुरीत तुकडा. तिरफळ घातलं की माशाचा हिवस वास मरतो. मला सहा महिने द्या."

"ताई, सहा महिन्यांत माझं मूल्यमापन संपतं."

"आणि राखणदार झोपलेला असताना चोर आला तर?"

"शाळेत कुठला चोर यायला बसलाय?" देऊस्कर म्हणाले.

पालकांच्या सह्या घेतल्या. शिवहारनं फोनवरूनच होकार दिला. मुलांच्या मनगटांवर नाडी मोजणारे पट्टे चढले. सोमवारी फवारे मारले आणि पोरं बांगडा खाऊ लागली. नुसती खाऊ लागली नाहीत, चाटूनपुसून खाऊ लागली. जुईनं काटे चोखले. स्वयंपाकघरातल्या मदतनीस पद्मिनबाईंनाही सहजा मिळाली. गावातली ही पन्नाशीची बाई मासे साफ करताना रोज दोनदा मोरीकडे पळायची. पण चार दिवसांत त्यांचा घोळणा फुटला. "मला नगं ते बाटलीतलं," म्हणून त्यांनी कुपी परत केली आणि तोंडाला फडकं बांधून, लवंग चघळत, शिव्या देत बांगड्यांची पोटं फाडायला लागल्या.

तीन महिन्यांनी रक्ततपासणी झाली. चरबी उतरली होती. चाचणीतल्या चुका कमी झाल्या होत्या. आधी पाढे म्हणताना खिडकीबाहेर बघणारी जुई आता अर्धा तास एका जागी बसून गणितं सोडवायची. चैतालीनं तो कागद तीनदा वाचला. खोटं काहीच नव्हतं त्यात. मासा आपलं काम चोख करत होता.

पण इतरही काही घडत होतं, त्याचा कागद कोणी केला नव्हता.

एकदा चैतालीनं पाहिलं, तिसरीतला एक मुलगा कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून कालची मुंडकी काढतोय. मुंग्या लागल्या होत्या. त्यानं त्या फुंकरीनं उडवल्या आणि एक मुंडकं चोखू लागला. डोळा पुळकन बाहेर आला, तो त्यानं जिभेवर घेतला आणि मित्राला दाखवला. दुसऱ्या दिवशी घरी वरणात झुरळ पडलं. जुईनं ते मिशीला धरून उचललं, ताटाच्या काठाला ठेवलं आणि त्याच वरणात भात कालवला.

"टाक ते! दुसरं वाढते."

"का? झुरळ काढलं ना मी," जुई म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं.

मग फाटकासमोर ट्रकखाली कुत्र्याचं पिल्लू गेलं. एरवी पोरं डोळे झाकून पळाली असती. ती सगळी भोवती उकिडवी बसली. एकीनं आतडं बोटावर गुंडाळून किती लांब जातंय ते पाहिलं. पिल्लू अजून धुगधुगत होतं. कोणी रडलं नाही. हेडमास्तर तोडकर गुरुजींनी त्यांना हाकललं आणि स्वयंपाकघरात येऊन चहा न पिताच बसून राहिले.

"बाई, मी तीस वर्षं मराठी शिकवतोय," ते म्हणाले. "घृणा नसलेल्याला आपल्या भाषेत काय म्हणतात, माहितीय? निर्घृण. आजवर मला वाटायचं, हा शब्द उगीच असा झालाय."

चैतालीनं ते देऊस्करांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "नोंद घेतो."

*

दिवाळीनंतर महानंदाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर पंधरा दिवसांत पडून पडून कमरेखाली जखम झाली. शिवहार चार दिवस राहिला आणि कामावर गेला. बाई मिळाली, ती दुसऱ्या दिवशी आली नाही. उरली चैताली.

पहिल्या सकाळी तिनं सासूला कुशीवर वळवलं, लंगोट सोडला, आणि पातळ, हिरवट, गरम घाणीचा भपकारा तिच्या तोंडावर आला. जखमेतून पिवळा पू ओघळला होता आणि तो त्या घाणीत मिसळला होता. तिला ओकारीचा उमाळा आला. तोंड फिरवून, श्वास रोखून, तिनं फडक्याच्या टोकानं कसंबसं पुसलं. दोनदा मोरीपर्यंत जाऊन आली. परत आली तेव्हा महानंदाबाईंच्या डोळ्यांतून कानाकडे पाणी ओघळत होतं. त्यांची अर्धी बाजू मेली होती, डोळे मेले नव्हते. सुनेचं तोंड त्यांनी पाहिलं होतं.

असं आठ दिवस चाललं. घाईनं पुसल्यामुळे जखम चिघळली. नवव्या दिवशी चैतालीनं शाळेच्या कपाटातून एक कुपी ओढणीत लपवून आणली.

सकाळी सातला तिनं नाकात फवारा मारला. दहा मिनिटांनी लंगोट सोडला. वास आला, सगळा आला. पण तो आता नुसती माहिती होती, जसं कोणी सांगावं, बाहेर ऊन आहे. तिनं सासूचं अंग कोमट पाण्यानं सावकाश धुतलं. जखमेच्या कडा बोटांनी उचलून आतला पू कापसानं टिपला. घाई नव्हती, तोंड फिरवणं नव्हतं. काम संपल्यावर महानंदाबाईंनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

"आत्याबाई, दुखतंय का?"

त्यांनी मान हलवली. मग जड जिभेनं म्हणाल्या, "पाणी." चैतालीनं पेला धरला. त्यांनी काठ पुसला नाही.

महिनाभरात जखम भरत आली. दुपारी त्या दोघी बोलायच्या, बारा वर्षांत बोलल्या नव्हत्या तेवढं. चैताली रोज सकाळी सातला फवारा मारायची आणि नऊला शाळेत जायची. दोन-तीन वाजेपर्यंत तिला कशाचीच किळस येत नसे. यात वावगं काही आहे, असं तिला वाटलं नाही. अशा गोष्टी वाटतात त्या जागेवरच तर फवारा पडत होता.

*

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी शीतगाडी अडीच तास उशिरा आली. दारावरच्या पडद्यावर हिरवी खूण होती, तापमान चार अंश. चालक क्रेट उतरवून, अंगठा घेऊन निघून गेला.

चैतालीनं वरचा बांगडा उचलला. लहानपणी आईनं शिकवलेलं सगळं तिनं हातांच्या सवयीनं केलं. कल्ला उचलून पाहिला, आत लाल नव्हता, मातकट होता. डोळा खोल गेला होता. पोट दाबलं, बोटाचा खळगा तसाच राहिला आणि खालून तपकिरी पाणी सुटलं. वासही आला. आंबूस, झोंबणारा, नवसागरासारखा. एरवी असा मासा पाहून तिनं क्रेट पायानं ढकललं असतं आणि चालकाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. तिच्या रक्तातच ते होतं. आज ती नुसती उभी राहिली. कल्ले मातकट आहेत. डोळे खोल आहेत. वास येतोय. पडद्यावर हिरवं आहे. चार गोष्टी, चारही सारख्याच वजनाच्या.

पद्मिनबाईंनी फडक्यावरूनच नाक दाबलं. "ताई, ह्यो माल बरा न्हाई. डोळ्याला झोंबायलंय बघा. फेकून देऊ."

"पडदा हिरवा आहे, पद्मिनबाई."

"पडद्याला नाक हाय का? मी न्हाई घालणार हे लेकरायला."

"मग मी घालते," चैताली म्हणाली. "तुम्ही भात लावा."

तिनं रस्सा केला. आमसूल घातलं, तिरफळ घातलं. चमचाभर चाखला तर जिभेच्या टोकाला मिरी चावल्यासारखी चुणचुण झाली. तिनं ती चुणचुण नोंदली आणि झाकण ठेवलं.

साडेबाराला पोरं जेवली. मागून घेऊन जेवली. जुईनं दोन तुकडे खाल्ले.

एकला मनगटावरचा पहिला पट्टा वाजला, मग दुसरा, मग सगळे. पोरांचे चेहरे उकडल्यासारखे लालभडक झाले, मानेवर गांधी उठल्या. कोणी डोकं धरलं, कोणी छाती. कोणी बसल्या जागी ओकलं, कुणाला चड्डीतच झालं. आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. पोरं आपल्याच घाणीत शांत बसून होती आणि त्यांची काळजं एकशेसाठच्या वेगानं धावत होती. जुई म्हणाली, "आई, आतून कोणी तरी ढोल वाजवतंय," आणि आडवी झाली. पाचवीतल्या तेजलला दमा होता. तिचे ओठ निळे पडले.

जिल्ह्याच्या रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटांत ओळखलं. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हे विष उकळून मरत नाही, तळून मरत नाही, मसाल्यात दडत नाही. ते रक्तात गेलं की कातडी पेटते, रक्तदाब कोसळतो, काळीज उधळतं.

"पण इतका खराब मासा कोणी गिळेल कसा?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "मूल थुंकून टाकतं. मोठा माणूस तर चुलीवरच चढवत नाही."

सलाईन लागल्यावर तासाभरात जुईची नाडी उतरायला लागली. तिचे कपडे, गादी, केस, सगळं भरलं होतं. ते धुवायला घेण्याआधी चैतालीनं ओढणीच्या गाठीतून कुपी काढली आणि आणखी एक फवारा मारला.

*

पाचच्या सुमारास देऊस्कर आले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसले. तेजलला श्वासयंत्रावर ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं. मग काचेची पाटी पुढे केली. तिच्यावर जबाब तयार होता.

"वाचा, ताई. सावकाश वाचा."

चैतालीनं वाचला. मासा आला तेव्हा ताजा होता. पाकप्रमुखांनी नियमाप्रमाणे तपासला. त्यानंतर मदतनीस श्रीमती पद्मिनबाई गुंजाळ यांनी तो दोन तास बर्फाबाहेर ठेवला आणि ही गोष्ट लपवली.

"हे असं झालं नाही," चैताली म्हणाली.

"नाही झालं," देऊस्कर शांतपणे म्हणाले. "गाडीचं शीतयंत्र घाटात बंद पडलं होतं आणि पडदा अडकला होता, हे मला दुपारीच कळलं. पण ताई, एकोणीस जिल्ह्यांत ही थाळी चालू आहे. मुलांची रक्तं सुधारताहेत, तुम्ही स्वतः पाहिलंय. एका गाडीपायी हे सगळं बंद पडायचं का? तुम्ही आई आहात. तुरुंगात तुम्ही जावं, असं मला वाटत नाही. त्या बाईंना फार तर कामावरून काढतील."

ते बोलताना त्यांच्या खिशातून रुमाल निघाला आणि त्याबरोबर एक पांढरी कुपी बाकावर पडली. तिच्या नजरेत प्रश्न होता की नाही कोण जाणे, पण त्यांनी उत्तर दिलं.

"अहवाल लिहायच्या आधी घेतो कधीकधी. हात अडखळत नाही."

चैतालीनं त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस खोटं लिहून आणतोय. पद्मिनबाई निर्दोष आहेत. तेजल श्वास घेत नाहीये. जुईची नाडी आता एकशेदहा आहे. वाक्यं एकामागून एक मनातून गेली, कोणतंही कुठे अडकलं नाही. तिनं पाटीवर सही केली. अंगठाही दिला.

"थँक यू, ताई," देऊस्कर म्हणाले आणि तिच्या खांद्यावर हलकेच थोपटून उठले.

*

शिवहार धावतपळत आला आणि रात्री जुईजवळ थांबला. पहाटेच्या गाडीनं चैताली घरी आली, कारण आत्याबाईंना शेजारणीच्या भरवशावर किती ठेवणार? फवाऱ्याचा अंमल केव्हाच उतरला होता.

दार उघडताच वास आला आणि तो तिला लागला. लंगोट रात्रभर बदललेला नव्हता. तिनं सासूला कुशीवर घेतलं, गाठ सोडली आणि पोटातून जोराची कळ उठली. त्या वासाला जणू दार उघडं मिळालं. त्यामागून कालचा सगळा दिवस एकदम आत शिरला. मातकट कल्ले. बोटाखाली खचलेलं पोट. तपकिरी पाणी, आणि ते आपल्या पोरीच्या ताटात वाढणारा स्वतःचा हात. घाणीत शांत बसलेली पोरं. खांद्यावरचं ते थोपटणं. पद्मिनबाईंचं नाव आणि त्याखाली आपली सही. ती मोरीपर्यंत पोहोचली नाही. तिथंच, दारात, भिंतीला धरून ओकली. पोटात काही उरलं नाही तरी उमाळे थांबेनात. हाताला साबण लावला, दगड लावला, चामडी सोलवटली, तरी तो हात तिला आपला वाटेना. त्या हातानं चूळ भरायचीही शिसारी आली.

कुपी ओढणीत होती. एक फवारा मारला की दहा मिनिटांत सगळं शांत झालं असतं. तिनं ती काढली, मोरीत रिकामी केली आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

मग परत येऊन तिनं सासूला पुसायला घेतलं. उमाळा आला, तिनं दात आवळले. पुन्हा आला. डोळ्यांतून पाणी आलं. आत्याबाईंना आपलं तोंड दिसतंय, हे तिला कळत होतं. "माफ करा," ती म्हणाली. "मला जमत नाहीये. मी औषध घेत होते, त्यामुळे जमत होतं."

महानंदाबाई एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "तोंड... फिरीव की. हात... थांबू दिऊ नकू."

चैतालीनं तोंड फिरवलं आणि हात थांबू दिला नाही. काम झाल्यावर तिनं त्यांना पेज पाजली, शेजारणीला सांगितलं आणि ती गुंजाळांच्या आळीत गेली.

पद्मिनबाई अंगणात भांडी घासत होत्या. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. "लेकरू कसं हाय?" त्यांनी आधी जुईचंच विचारलं. मग, "अन् ती दम्याची पोरगी?"

चैतालीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मासा सडका आहे हे आपल्याला दिसलं होतं ते. फवारा मारला होता ते. जबाबावर सही केली ते. आणि त्या जबाबात कोणाचं नाव आहे ते.

पद्मिनबाईंचा हात पातेल्यातच थांबला. "मी बोंबलत हुते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फेकून देऊ म्हणलं की न्हाई? अन् तुमी माझंच नाव लिवून आलाव? ती पोरगी मशिनीवर, अन् तुमी सही करून आलाव?"

"हो."

त्यांनी तोंड बाजूला वळवलं आणि पचकन थुंकल्या. "माझ्या दारात उभं राहू नका."

चैताली फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. पद्मिनबाईंनी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या. "चला ठाण्यात," त्या म्हणाल्या. "माझ्या म्होरं सांगा." त्या पुढे निघाल्या आणि दहा पावलं मागून चैताली चालली.

पुढे चौकशी झाली. घाटात बंद पडलेलं गाडीचं शीतयंत्र सापडलं, देऊस्करांचे आधीचे अहवाल पुन्हा उघडले गेले. मुलांना सहजा द्यायला बंदी आली. तेजलनं सहाव्या दिवशी डोळे उघडले. दोन वर्षांनी माळसोंड्याच्या शाळेत पुन्हा बांगडा सुरू झाला, आधी नुसता रस, मग कुरकुरीत तुकडा. दुसरीच बाई तो करायची, कारण चैतालीला शाळेच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायला कायमची मनाई झाली होती आणि सहा महिन्यांची शिक्षाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी ठाण्यात एक वयस्कर हवालदार होता. त्यानं नवा जबाब लिहायला घेतला. चैताली सांगत गेली, तो लिहीत गेला.

"मासा खराब असल्याचं तुमच्या लक्षात आलं होतं?"

"हो. मला वास आला होता."

"वास आल्यावर काय वाटलं?"

"काही वाटलं नाही."

हवालदारानं पेन थांबवलं. "असं कसं, बाई? पोटची पोर जेवणार होती ना त्यातलं? काहीतरी वाटलंच असंल. घाबरला असाल, गडबड झाली असंल. काय लिहू?"

"काही वाटलं नाही," चैताली म्हणाली. "तसंच लिहा."

त्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू किळस उमटली. शेजारी उभ्या पद्मिनबाईंच्या चेहऱ्यावर ती आधीपासूनच होती. चैतालीनं दोघांकडे पाहिलं, आणि मान खाली घातली नाही.